अभ्यासासाठी गोळी घेतली, तर ती कॉपी का?

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,

मी सत्तावीस वर्षांची आहे. लग्नाला तीन वर्षं झाली. नवरा सातारा जिल्ह्यात नोकरीला आणि मी पुण्यात नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करते. पूर्व निघाली आहे, मुख्य परीक्षा तोंडावर आहे. दुपारी मेसमध्ये जेवून आले की डोळे मिटायला लागतात, पाच वाजेपर्यंत पुस्तकात काही शिरत नाही. अभ्यासिकेतल्या शेजारच्या मैत्रिणीनं मला मोडाफिनिलच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली. ती स्वतः वर्षभर घेतेय. गेला महिनाभर मी रोज सकाळी एक गोळी घेते. झोप येत नाही, चौदा-चौदा तास बसता येतं. टेस्ट सिरीजचे मार्क अजून वाढलेले नाहीत, पण वाढतील, कारण डोकं एकदम स्वच्छ चालतं.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दहावीच्या केंद्रावर त्यांनी कधी कॉपी चालू दिली नाही, त्यापायी गावात वैर घेतलं. त्यांना हे कळलं तर ते याला कॉपीच म्हणतील. नवरा म्हणतो, चहा पितेसच ना, मग गोळीनं काय झालं? मैत्रीण म्हणते, इथे पंधरा-वीस जण घेतात, तू नाही घेतलीस तर तूच मागं पडशील. औषधानं बुद्धी वाढवून पद मिळवणं चूक आहे का, हे मला खरंच कळत नाही. तब्येतीची तक्रार नाही. सध्या मूल नको म्हणून गोळ्या चालू आहेत, बाकी कसलंही औषध नाही.

– एक वाचक, पुणे

उत्तर

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देणार आहे, पण पत्राचं शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहून टाकलंस, त्याबद्दल आधी बोलू. ते थांबण्यासारखं नाही.

मोडाफिनिलमुळे यकृतातली काही विकरं जास्त जोरानं काम करू लागतात. तू मूल नको म्हणून ज्या गोळ्या घेतेस त्या बहुधा संप्रेरकांच्या असतील, आणि ती संप्रेरकं मग शरीरातून नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडतात. म्हणजे गोळी वेळच्या वेळी घेऊनही तिचा भरवसा राहत नाही. मोडाफिनिल थांबवल्यावरही महिना ते दोन महिने हा धोका धरून चालावं लागतं. आणि दिवस गेले तर हे औषध पोटातल्या बाळासाठी घातक ठरू शकतं. गरोदरपणी ते घेतलेल्या बायकांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगं जास्त दिसल्याची नोंद झाली, म्हणून युरोप आणि ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१९-२० च्या सुमारास ते गरोदर बायकांना देऊ नका असं डॉक्टरांना कळवलं. मैत्रिणीनं हे तुला सांगितलं नाही, कारण तिलाही ते ठाऊक नसणार. ही सूचना औषधाच्या खोक्यातल्या कागदावर असते, सुट्ट्या पट्टीबरोबर तो कागद येत नाही.

तेव्हा हा अंक बाजूला ठेवून नवऱ्याला फोन कर. मोडाफिनिल थांबवल्यापासून पुढचे दोन महिने निरोध वापरा. पाळी लांबली असेल तर चाचणी कर. ज्या डॉक्टरांनी संततिनियमनाच्या गोळ्या दिल्या त्यांना मोडाफिनिलचं नाव घेऊन सगळं सांग, लाजू नकोस. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. या औषधानं क्वचित, पण फार गंभीर अशी त्वचेची प्रतिक्रिया येऊ शकते. अतिचंचल मुलांसाठी हे औषध वापरायची परवानगी अमेरिकेत २००६ मध्ये नाकारली गेली, त्यामागे मुख्यतः हीच काळजी होती. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता वडिलांच्या धाकातून आलेला प्रश्न. ही कॉपी आहे का?

नाही. कॉपी म्हणजे दुसऱ्याचं आपलं म्हणून दाखवणं. तू पेपरात जे लिहिशील ते तू वाचलेलंच असेल. सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी केंद्रानं २०२४ मध्ये कायदा केला, तो तू अभ्यासलाच असशील. त्यात पेपरफुटी आहे, उत्तरपत्रिकेतला फेरफार आहे, बनावट वेबसाइट आहेत. परीक्षेआधी उमेदवारानं काय गिळलं याबद्दल अक्षर नाही. असा नियम करता येत नाही अशातला भाग नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २०११ मध्ये अभ्यासातली कामगिरी वाढवण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी औषधं घेणं आपल्या नियमावलीत फसवणुकीच्या व्याख्येत घातलं. खेळात तर मोडाफिनिल उघड बंदीचं औषध आहे. पॅरिसच्या २००३ च्या जागतिक स्पर्धेत १०० आणि २०० मीटर जिंकलेल्या केली व्हाइटच्या तपासणीत तेच सापडलं आणि तिची दोन्ही सुवर्णपदकं गेली. पण खेळाचा दाखला इथे पूर्ण लागू होत नाही. धावण्याच्या शर्यतीत कोण पुढे गेलं एवढाच निकाल असतो, शर्यतीपलीकडे त्या वेगाचा कुणाला उपयोग नसतो. तहसीलदाराचं डोकं खरोखर जास्त चांगलं चाललं, तर त्याचा फायदा तालुक्याला होतो. रात्रभर जागून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला एखाद्या औषधानं सावध राहता आलं, तर टेबलावरच्या रुग्णाचे नातेवाईक त्याला फसवणूक म्हणणार नाहीत.

म्हणून ‘कृत्रिम’ या एका शब्दावर मी तुला दोषी धरणार नाही. तू, मी, तुझे वडील, आपल्या सगळ्यांच्या पिढ्यांची बुद्धी या देशानं ठरवून, बाहेरून काहीतरी घालून वाढवलेली आहे. ते काहीतरी म्हणजे मीठ. आयोडीन कमी पडलं तर गळ्याला गाठ येते हे आपण शाळेत शिकतो. पण खरं नुकसान आईच्या पोटात असलेल्या बाळाच्या मेंदूचं होतं. आयोडीनची कमतरता असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना करणारे अनेक अभ्यास एकत्र करून १९९४ मध्ये जो हिशोब मांडला गेला, त्यात बुद्ध्यंकातला फरक तेरा-चौदा गुणांचा निघाला. राज्यसेवेच्या भाषेत सांगायचं तर एखाद्या अख्ख्या जिल्ह्याचा कटऑफ बदलावा एवढा. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून गावागावांत आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं, गलगंड झपाट्यानं कमी झाला. त्या पुराव्यावर १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे साध्या मिठाच्या विक्रीवर बंदी आली, २००० मध्ये ती उठवली गेली, आणि २००६ पासून पुन्हा लागू झाली. मधल्या काळात मोठा वाद झाला. लहान मिठागरवाल्यांचं काय, लोकांच्या ताटात सरकारनं काय घालावं हे कोण ठरवणार, असे प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारले गेले हे योग्यच झालं. लोकांच्या मेंदूवर परिणाम करणारी गोष्ट अशीच यावी, उजेडात, भांडून, पुरावा मागून.

पेट्रोलमधलं शिसं काढलं तीही याच जातीची गोष्ट. शिशामुळे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि कुणाच्या लक्षातही न येता रस्त्याकडेच्या वस्त्यांमधल्या मुलांच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. यात काय अनैतिक आहे? मला तर गेल्या शंभर वर्षांत सरकारांनी केलेल्या चांगल्या कामांत ही दोन फार वरची वाटतात.

तुझी पट्टी या रांगेत का बसत नाही, ते मिठाकडे नीट पाहिलं की कळतं. कांगड्यातली एक मुलगी हुशार झाली म्हणून शेजारच्या गावातली मुलगी मागे पडली नाही. मीठ सगळ्यांच्या घरात गेलं, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या. ते कुणी लपवून खाल्लं नाही. आणि ज्याला ते नको होतं त्याला ‘नाही’ म्हणण्याची किंमत एखाद्या नोकरीनं मोजावी लागली नाही. तुझ्या अभ्यासिकेत या चारही गोष्टी उलट्या आहेत. जाहिरातीतल्या जागा ठरलेल्या आहेत. उद्या अभ्यासिकेतल्या प्रत्येकानं गोळी घेतली, तरी जागा तेवढ्याच राहणार. यादीतली नावं थोडीफार इकडची तिकडे होतील. झोप मात्र प्रत्येकाची जाईल, पैसे प्रत्येकाचे जातील, पुरळाची भीती प्रत्येकाला राहील. कुणाच्याच पदरात जास्त काही पडणार नाही आणि थांबणंही कुणाला परवडणार नाही. मैत्रिणीचं ‘तूच मागं पडशील’ हे वाक्य मला म्हणूनच सगळ्यात जास्त खुपलं. ती दुष्टपणानं बोलली नाही. तिला कुणीतरी तेच सांगितलं असणार. आणि तू हे असंच चालू ठेवलंस तर वर्षभरानं तुझ्या शेजारी बसायला येणाऱ्या मुलीला तूही तेच सांगशील.

या साखळीत पहिल्यांदा कोण गळतं ते बघ. ज्याचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्याच्या हृदयाची तक्रार आहे, ज्याला आधीच चिंतेचा आजार आहे, त्यांनी ही गोळी घेऊच नये. जी गरोदर आहे, जिचं बाळ अंगावर पितं, तिनंही नाही. म्हणजे गोळी घेणं ही उद्या अभ्यासिकेतली रीत झाली, तर तिचा फटका आधी बायकांना बसेल. लग्न ठरायच्या आत पोस्ट काढायची, मूल लांबवायचं, सासरच्यांना दर निकालानंतर पुन्हा एक वर्ष मागायचं, हे सगळं तुझ्यासारख्या मुली आधीच करतायत. त्यावर हे आणखी ओझं कुणी का घालावं? नीतीचा प्रश्न मला इथे दिसतो. तू पाप केलंस का, यापेक्षा ही रीत रुजवायला आपण हातभार लावतोय का, हे विचारण्यासारखं आहे.

याला एक उत्तर येऊ शकतं आणि ते पोकळ नाही. शर्यत आधीच कुठे सारखी आहे? कुणाच्या बापाकडे महागड्या क्लासची फी आहे, एसी अभ्यासिका आहे, घरचा डबा आहे. कुणी गावाकडच्या शाळेतून आलंय, भाषेपासून सुरुवात करतंय, अर्धवेळ काम करून मेसचे पैसे भरतंय. त्याच्यासाठी गोळीची पट्टी क्लासपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मग तिनंच थोडी बरोबरी साधली तर काय बिघडलं? मी या मुद्द्यावर बराच विचार केला. गोळीनं खरंच बरोबरी साधली असती तर मी तिच्या बाजूनं उभी राहिले असते, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सगळ्यांना मिळावी अशी मागणी केली असती. पण क्लासमधून जे मिळतं, म्हणजे उत्तर कसं बांधायचं, कुठला मुद्दा आधी घ्यायचा, कुठला सोडायचा, ते गोळीत नसतं. गोळी जागं ठेवते. जागं असणं आणि समजणं यात जे अंतर आहे ते ती भरून काढत नाही. याबद्दल अंदाजानं बोलायची गरज नाही, बरीच माहिती उपलब्ध आहे.

मोडाफिनिल मुळात दिवसा अवेळी गाढ झोप येण्याच्या आजारासाठी, नार्कोलेप्सीसाठी, फ्रान्समध्ये विकसित झालं. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. निरोगी लोकांच्या बुद्धीवर ते काय करतं याचे २४ अभ्यास २०१५ मध्ये एकत्र तपासले गेले. नियोजन आणि निर्णय लागणाऱ्या लांब, गुंतागुंतीच्या कामांत थोडा फायदा दिसला. लक्षात तात्पुरतं धरून ठेवण्याच्या क्षमतेत फारसा दिसला नाही. काही चाचण्यांत नवं सुचण्याची क्षमता किंचित घटलेली दिसली. हा बऱ्यापैकी अनुकूल निष्कर्ष म्हणायचा, आणि या औषधाची बाजू घेणारे लोक त्याचाच दाखला देतात.

मग २०२३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी एक वेगळी परीक्षा घेतली. चाळीस निरोगी तरुण माणसं. प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी मोडाफिनिल, आणखी दोन तसलीच औषधं आणि एकदा नुसती बिनऔषधाची गोळी. काम असं की समोर बऱ्याच वस्तू आहेत, प्रत्येकीला वजन आहे आणि किंमत आहे. थैलीत ठरावीक वजनच मावतं, तर एकूण किंमत जास्तीत जास्त होईल अशा वस्तू निवडायच्या. औषध घेतल्यावर लोकांनी जास्त वेळ दिला, वस्तू जास्त वेळा आतबाहेर केल्या, म्हणजे मेहनत वाढली. पण मेहनतीचा दर्जा घसरला, आणि थैलीतली एकूण किंमत कमी भरली. त्यात जे लोक औषधाशिवाय सरासरीपेक्षा चांगले होते, ते औषधानंतर बऱ्याचदा सरासरीच्या खाली गेले.

हे वाचताना मला तुझं पत्र आठवत होतं. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. प्रश्न सुटेपर्यंत पर्याय खोडत बसायचे दिवस गेले. मर्यादित शब्दांत, मर्यादित वेळात, दहा सुचलेल्या मुद्द्यांपैकी कुठले चार घ्यायचे हे ठरवायचं आहे. थैली भरण्याचं काम तेच आहे. आणि तू स्वतःच लिहितेस की तास वाढले, मार्क वाढले नाहीत.

पण वाढतील, असंही तू लिहितेस. तुला इतकी खात्री कशानं वाटते? डोकं स्वच्छ चालतंय या भावनेनं. कॅनडाच्या लष्करी संशोधकांनी १९९७ मध्ये झोप न घेतलेल्या लोकांना मोडाफिनिल देऊन कामं करायला लावली आणि आपलं काम कसं चाललंय याचा अंदाजही त्यांनाच विचारला. मोडाफिनिल घेतलेल्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा चढा निघाला. म्हणजे या औषधावर असताना आपण बरोबर आहोत की नाही, हे ज्या डोक्याला विचारायचं तेच डोकं औषधाखाली असतं. परीक्षेत, आणि पुढे एखाद्या कार्यालयात लोकांचे अर्ज निकाली काढताना, स्वतःच्या खात्रीवर शंका घेता येणं हा मोठा गुण आहे. तो मला तुझ्याकडे दिसतो. तो नसता तर तू हे पत्र लिहिलंच नसतंस.

नवऱ्याच्या चहाचं म्हणशील, तर त्याचा मुद्दा रास्त आहे. चहा-कॉफीतलं कॅफिनही मेंदूवरच काम करतं. एक नैसर्गिक म्हणून चांगलं आणि दुसरं कारखान्यातलं म्हणून वाईट, असं मी मानत नाही. फरक सवयीच्या आणि शरीराच्या पातळीवर आहे. चहातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांत शरीरातून निघून जातं. मोडाफिनिलला त्यासाठी बारा ते पंधरा तास लागतात. सकाळी आठला घेतलेल्या गोळीतलं निम्मं औषध रात्री नऊ-दहाला, तू पथारी पसरतेस तेव्हा, अजून तुझ्या रक्तात असतं. चहा किती झाला हे छातीत धडधडायला लागलं की कुणालाही कळतं, आणि पिढ्यान्पिढ्यांच्या वापरातून घराघराला त्याची मर्यादा माहीत झाली आहे. शिवाय चहा आपण चारचौघांत पितो. खेळाच्या नियमांतही हा भेद मानला गेला. २००४ मध्ये बंदीच्या यादीतून कॅफिन बाहेर आलं आणि त्याच वर्षी मोडाफिनिल आत गेलं.

मग तुझ्या दुपारच्या झोपेचं काय करायचं? मला वाटतं, खरी अडचण तिथे आहे आणि तिच्याकडे कुणीच पाहिलं नाही. सत्तावीस वर्षांच्या बाईला रोज दुपारी चार-चार तास डोळे उघडे ठेवता येत नाहीत, हे आळसाचं लक्षण धरून तू गोळीनं दाबलंस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. रक्त कमी असलं की थकवा येतो, लक्ष लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही. थायरॉइड मंदावलं तरी हेच होतं. शाकाहारी असशील तर बी-१२ कमी असण्याचीही शक्यता बरीच. मेसच्या भाजीचा रस्सा, दोन पोळ्या आणि भाताचा ढीग हे जेवण महिनोन् महिने खाऊन यातलं काही कमी पडलं नाही तरच नवल. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ या तीन तपासण्या करून घे. महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात त्या फार खर्चात पाडत नाहीत. काही कमी निघालं आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्या निर्धास्तपणे घे. तुझी बुद्धी त्यानंही वाढेल, बाहेरून वाढेल, आणि त्यात कुणाचंच काही हिरावलं जाणार नाही. आणि रिपोर्ट सगळे चांगले आले, तरीही दिवसा झोप आवरत नसेल, घोरणं असेल, तर झोपेच्या तज्ज्ञाला दाखव. त्यांनी तपासून खरोखर नार्कोलेप्सीचं निदान केलं आणि मोडाफिनिलच लिहून दिलं, तर संततिनियमनाचा प्रश्न सोडवून ते बिनदिक्कत घे. वडिलांच्या नजरेला नजर देऊन घे. तेव्हा ते औषध असेल.

रात्रीच्या झोपेशी मात्र तडजोड करू नकोस. दिवसा वाचलेलं पक्कं बसवण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो. २००३ च्या एका अभ्यासात चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलेल्या लोकांची कामगिरी हळूहळू इतकी खालावली, की ती पूर्ण रात्री जागून काढलेल्यांच्या पंगतीला गेली. आणि त्या लोकांना स्वतःला मात्र आपण ठीक आहोत असंच वाटत होतं. चौदा तास बसून सहा तास झोपण्यापेक्षा दहा तास बसून साडेसात तास झोप, आणि दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं टेबलावर डोकं टेकायला लाज वाटू देऊ नकोस. अभ्यासिकेत वेळेची चढाओढ असते हे मला माहीत आहे. कोण किती वाजता खुर्ची सोडतं, हे सगळे बघत असतात. बघू देत.

वडिलांना सांगायचं का, हे तू थेट विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. मी सांगेन म्हणते. गोळी थांबवल्यावर, रिपोर्ट हातात आल्यावर, घरी गेलीस की सगळं सांग. ‘ही कॉपी नव्हती, पण मला थांबावंसं वाटलं, त्याची ही कारणं’ असं सांग. ज्या माणसानं दहावीच्या केंद्रावर गावाशी वैर पत्करलं, त्याला मुलं कशाच्या भीतीनं चिठ्ठ्या नेतात हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार. ते रागावतील असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं, त्यांना आधी तुझ्या मेसच्या जेवणाची काळजी वाटेल.

मैत्रिणीचं राहिलं. तिला उपदेश करू नकोस, तिनं तुला मदत म्हणूनच पट्टी दिली. तिला एवढं विचार की ती कुठल्या गोळ्या घेते, संततिनियमनाच्या किंवा पाळी पुढे ढकलण्याच्या, आणि वर लिहिलेली माहिती दे. पुरळाचं सांग. ती वर्षभर रोज घेतेय आणि तिला बंद करायचं असेल, तर मन उदास वाटणं, चिडचिड, दिवसभर झोप असा त्रास काही दिवस होऊ शकतो, तेव्हा तिनं मानसोपचारतज्ज्ञांना विचारून करावं. आणि आपण थांबवलं हे तिच्यापासून लपवू नकोस. ‘पंधरा-वीस जण घेतात’ हा आकडा कुणी मोजलेला नाही. ज्या घेत नाहीत त्या गप्प असतात, म्हणून तो तोंडातोंडी वाढतो.

चिठ्ठीशिवाय ही गोळी देणारं दुकान कुठलं, हे मी तुला विचारणार नाही. पण ते नाव अन्न व औषध प्रशासनाला कळवायला तुझी ना नसेल, तर तशी तक्रार करता येते.

पुण्यात असेपर्यंत तपासण्या उरकून घे आणि हिमोग्लोबिन किती आलं ते मला कळव.

– तुझी ताई